व्यापारबंदी आणि व्यंगचित्रे : कासवाने चावा नेमका कोणाला घेतला?

शिसपेन्सिल (धागाकर्ता)

१८०७ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी एका कायद्यावर सही केली आणि परदेशी निघालेली अमेरिकी गलबते बंदरांत जागच्या जागी थांबली. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या युद्धात अमेरिकी जहाजांची दोन्हीकडून अडवणूक होत होती. तेव्हा आपला माल कोणालाच द्यायचा नाही, म्हणजे दोघेही वठणीवर येतील, असा त्यामागचा हिशेब होता. एम्बार्गो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बंदीवरचे एक व्यंगचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. किनाऱ्यावरून एक माणूस पिंप उचलून होडीकडे निघाला आहे, मागे समुद्रात ब्रिटिश जहाज उभे आहे, आणि एका भल्यामोठ्या कासवाने त्या माणसाच्या विजारीचा मागचा भाग जबड्यात पकडला आहे. माणूस कळवळून त्या 'मेल्या ओग्रॅबमी'ला शिव्या देतो आहे. एम्बार्गो या शब्दाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली की ओग्रॅबमी होते, आणि ते तोडून वाचले तर 'अरे, धर मला' असा अर्थ निघतो.

चित्र मला मनापासून आवडते, पण ते पाहताना प्रत्येक वेळी एक शंका येते. व्यापारावरील निर्बंधांविरुद्ध काढलेल्या व्यंगचित्रांना आपण सरसकट 'निषेध' म्हणतो. निषेध म्हटला की त्याने कोणावर तरी दबाव यायला हवा. व्यंगचित्रामुळे एखादा निर्बंध उठला, निदान सैल झाला, असे एक तरी उदाहरण कोणी दाखवू शकेल का? माझे मत असे की या चित्रांनी ज्यांना आधीच दुखत होते त्यांना 'हो, इथेच दुखते' एवढे म्हणायची सोय करून दिली, आणि त्यापलीकडे फारसे काही केले नाही. मत बदलायला मी तयार आहे, मात्र उदाहरणासकट.

उलटसुलट

मूळ प्रश्नाला नंतर येतो, आधी माझ्या आवडीचा विषय. त्या काळी एम्बार्गोच्या अक्षरांची मोडतोड करणे हा विरोधकांचा आवडता खेळ होता. उलटे वाचून ओग्रॅबमी तर झालेच. शिवाय त्याच सात अक्षरांची फेरमांडणी करून 'मॉब-रेज', म्हणजे जमावाचा संताप, आणि 'गो बार एम', म्हणजे जा, त्यांना अडवा, असेही शब्द तयार करण्यात आले होते. 'चिमा काय कामाची' म्हणत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. मी लगेच आपल्या शब्दांवर प्रयोग करून पाहिला. 'निर्बंध' उलटून हाती काही लागत नाही, पण 'जकात' उलटी वाचली तर 'तकाज' होते. एक काना लावला की तकाजा तयार! भाषेला आधीपासूनच सगळे ठाऊक असते, असा मला अधूनमधून संशय येतो.

ताम्रपट

चित्रकाराविषयी थोडे लिहितो, कारण अशा चर्चांत चित्र राहते आणि ज्याने ते कोरले तो हरवतो. हे चित्र न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर अँडरसन यांचे. ते शिक्षणाने डॉक्टर होते. १७९८ च्या पीतज्वराच्या साथीत घरातली बहुतेक माणसे दगावल्यानंतर त्यांनी वैद्यकी सोडली आणि कोरीव काम हाच व्यवसाय केला. इंग्लंडमधल्या टॉमस ब्यूइक यांची लाकडावर कोरण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

ही पद्धत आपल्या चर्चेला फार जवळची आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापावे लागते, कारण त्यात शाई खोल रेषांत बसते. लाकडी ठोकळ्यात उलट असते. उंच राहिलेल्या भागाला शाई लागते, त्यामुळे तो ठोकळा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांशेजारी त्याच चौकटीत बसवून मजकुराबरोबर एका दाबात छापता येतो. व्यंगचित्र दुकानाच्या काचेतून निघून वृत्तपत्राच्या पानावर आले ते या ठोकळ्यामुळे.

चित्राच्या तारखेबद्दल मात्र सावध राहावे. पाठ्यपुस्तकांत ते बहुधा १८०७ किंवा १८०८ च्या शेजारी छापलेले असते, पण ते नंतरचे, अध्यक्ष मॅडिसन यांच्या काळातले आहे, असे मानणारेही आहेत. मॅडिसन यांनीही १८१३ च्या डिसेंबरात बंदी घातली होती आणि ती चारच महिन्यांत उठली. ती उठल्यावर न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात एम्बार्गोच्या मरणाचे चित्र आले, आणि तेही अँडरसन यांनीच कोरले होते.

गलबत

धाग्याच्या सुरुवातीलाच सगळे चित्रकाराच्या बाजूला जाऊन उभे राहिलेले पाहून दुसरी बाजू मांडतो. १८०७ च्या जूनमध्ये चेसापीक या अमेरिकी युद्धनौकेवर लेपर्ड या ब्रिटिश जहाजाने तोफा डागल्या. त्यात तीन खलाशी मेले, अठरा जखमी झाले आणि चौघांना ब्रिटिश आरमारातून पळालेले ठरवून उचलून नेण्यात आले. १८१२ पर्यंतच्या काही वर्षांत अशा रीतीने ब्रिटिश आरमारात जबरदस्तीने भरती केलेल्या अमेरिकी खलाशांची संख्या सहा हजारांच्या आसपास धरली जाते. नेपोलियनच्या बर्लिन आणि मिलान येथील फर्मानांमुळे ब्रिटनशी संबंध आलेले कोणतेही जहाज फ्रेंचांच्या ताब्यात जाऊ शकत होते. अशा वेळी युद्ध करायचे नसेल तर सरकारने करायचे तरी काय?

ओग्रॅबमीच्या चित्रात खलाशी कुठे आहे? त्यात दिसतो तो माल पोहोचवणारा तस्कर, आणि त्याच्या विजारीची आपल्याला दया यावी अशी अपेक्षा आहे. हा व्यापाऱ्यांनी केलेला निषेध होता, जनतेने केलेला नव्हे.

शिसपेन्सिल

गलबत, तुमचा मुद्दा मान्य. पण बंदीमुळे किनाऱ्यावर बसून राहिलेल्यांत खलाशीही होतेच ना? जहाज निघाले नाही तर त्याचीही मजुरी बुडते.

दुपारची_झोप

मी इतिहास शिकवते, त्यामुळे या चित्राशी माझा दरवर्षी संबंध येतो. सुरुवातीची काही वर्षे मी ते 'बंदीच्या विरोधातील चित्र' असे सांगूनच दाखवत असे. एकदा वेळ कमी होता म्हणून काहीही न सांगता ते फळ्यावर लावले आणि 'चित्रकार कोणाच्या बाजूचा आहे ते लिहा' एवढेच सांगितले. जवळजवळ अर्ध्या वर्गाने लिहिले की चित्रकार सरकारच्या बाजूचा आहे, कारण चोरट्या व्यापाऱ्याला कासवाने बरोबर पकडले आहे आणि पाहणाऱ्याला हसू येते ते त्या व्यापाऱ्याचेच. मी त्यांना चूक ठरवायला निघाले आणि मध्येच थांबले, कारण चित्रात त्यांना चूक ठरवणारे काहीच नव्हते. आपण जे ऐकून आलो होतो, तेच चित्रात वाचत होतो.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना आधी काही सांगत नाही. शिसपेन्सिल यांच्या प्रश्नाआधी मला वाटते हा प्रश्न सोडवायला हवा, की जे चित्र दोन्ही बाजूंनी वाचता येते त्याला निषेध म्हणायचे कसे?

कासवगती

माझ्या जातभाईला सरकारी नोकर ठरवल्याबद्दल मी या धाग्याचा निषेध नोंदवतो. चित्र काढता येत नसल्याने शब्दांत.

अर्थात

मूळ प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देतो. १८०७ मध्ये अमेरिकेची निर्यात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरची होती आणि १८०८ मध्ये ती सुमारे २ कोटी २० लाखांवर आली. एका वर्षात चार पंचमांश निर्यात नाहीशी झाल्यावर कायदा उठायला व्यंगचित्राची गरज उरत नाही. सरकारच्या आतही शंका होत्या. अर्थमंत्री अ‍ॅल्बर्ट गॅलॅटिन यांनी कायदा होण्याच्या चार दिवस आधी, १८ डिसेंबरला, जेफरसन यांना पत्र लिहून कळवले होते की सरकारी मनाईहुकूम नेहमी अंदाजापेक्षा अधिक नुकसान करतात. पुढे तोच कायदा राबवण्याची जबाबदारी त्यांच्याच खात्यावर आली, हा नियतीचा विनोद कोणत्याही व्यंगचित्रकाराला सुचला नसता.

बंदी मोडण्याचे काम प्रत्यक्षात पिंपांनी केले. व्हर्माँटमधून शँप्लेन सरोवरामार्गे कॅनडाकडे लाकडाच्या राखेपासून केलेल्या पोटॅशचा मोठा व्यापार चाले, आणि तो थांबायला तयार नव्हता. जेफरसन यांना १८०८ च्या एप्रिलमध्ये त्या भागात बंडाळी असल्याची घोषणा करावी लागली. सीमेवरच्या उतारावर झोपड्या बांधून त्यांत पिंपे रचून ठेवायची, मग एक आधार काढला की पिंपे आपोआप गडगडत कॅनडात जायची आणि 'आम्ही निर्यात केलीच नाही' असे म्हणता यायचे, असे किस्से तिथल्या इतिहासांत सांगितले जातात. १८०९ च्या जानेवारीत अंमलबजावणीचा आणखी कडक कायदा आला, अमेरिकेच्या ईशान्येकडचा न्यू इंग्लंड हा भाग पेटून उठला, आणि मार्चच्या सुरुवातीला, जेफरसन पदावरून उतरण्याच्या तीन दिवस आधी, ही बंदी काढून टाकणाऱ्या कायद्यावर त्यांचीच सही झाली. या सगळ्या साखळीत व्यंगचित्राची कडी मला कुठेच सापडत नाही.

उलटसुलट

अर्थात यांच्या आकड्यांपुढे नम्र होऊन एक विचारतो. १९३० साली स्मूट-हॉले आयात शुल्काच्या विधेयकावर सही करू नका, असे पत्र १०२८ अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांना लिहिले होते आणि हूवर यांनी सही केली. कासवाने निदान विजार तरी फाडली.

जुनी_रद्दी

मी इंग्लंडचे उदाहरण आणतो, कारण दुपारची_झोप यांनी उपस्थित केलेल्या दोन अर्थांच्या अडचणीवर तिथे उत्तर सापडते.

१८१५ साली नेपोलियनचे युद्ध संपत आले. युद्धकाळात धान्याचे भाव चढलेले होते आणि शांतता आली की परदेशी गहू येऊन ते पडणार, अशी भीती जमीनदारांना वाटू लागली. संसदेत जमीनदारांचेच बहुमत होते. त्यांनी असा कायदा आणला की देशातील गव्हाचा भाव क्वार्टरमागे (क्वार्टर हे धान्याचे माप) ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय बाहेरचा गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. विधेयक संसदेत असतानाच, ३ मार्चला, जॉर्ज क्रुकशँक या बाविशीतल्या तरुणाचे चित्र प्रसिद्ध झाले. फ्रेंच होडी किनाऱ्याला लागली आहे आणि त्यातला माणूस ५० शिलिंगांना गहू देऊ करतो आहे. किनाऱ्यावर उभे असलेले धष्टपुष्ट जमीनदार त्याला हाकलून लावत आहेत, कारण त्यांना ८०चाच भाव हवा आहे, मग गरिबांना तो परवडो की न परवडो. मागे त्यांचे कोठार धान्याने फुटायला आले आहे. होडीतली माणसे गव्हाचे पोते समुद्रात लोटत आहेत. आणि बाजूला एक गरीब माणूस बायकामुलांसह उभा राहून सांगतो आहे की मी उपाशी मरणार नाही, मी हा देशच सोडून जातो.

आता हे चित्र कोणत्याही वर्गात, काहीही न सांगता लावा. त्याचा उलटा अर्थ कोणी काढू शकणार नाही. ओग्रॅबमीत बंदीला शरीर दिले आहे. क्रुकशँकने तसे केले नाही, त्याने बंदीचा लाभार्थी दाखवला आणि त्याच्या समोर बंदीची झळ बसलेला माणूस उभा केला. व्यापारावरच्या निर्बंधाची मुख्य अडचण हीच असते की तो दिसत नाही. लढाई काढता येते, फाशी काढता येते, पण 'जो माल आला नाही' तो कसा काढायचा? क्रुकशँकने समुद्रात पडणारे पोते काढले, आणि न आलेला माल डोळ्यांसमोर उभा राहिला.

अर्थात

चित्र उत्तम आहे, वादच नाही. पण ते आले ३ मार्चला आणि कायदा त्याच महिन्यात मंजूर झाला, तोही लंडनच्या रस्त्यांवर दंगली चालू असताना. म्हणजे माझीच बाजू बळकट झाली.

जुनी_रद्दी

त्या महिन्यात, होय. १८४६ मध्ये तो कायदा रद्द झाला, हेही लक्षात घ्या.

अर्थात

एकतीस वर्षांनी! एवढ्या काळात कोणत्याही चित्राला श्रेय देता येईल. मांजर आडवे गेले होते, तिलाही देता येईल.

मुद्देसूद

थट्टा बाजूला ठेवून त्या एकतीस वर्षांकडे जरा नीट पाहू, कारण मधल्या काळात चित्रांचे काम बदलले.

१८३०च्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टरमध्ये धान्य कायद्यांविरुद्ध संघटित चळवळ उभी राहिली. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे तिचे पुढारी. क्रुकशँकचे १८१५ चे चित्र ही एका माणसाची, एका दुकानातून विकली गेलेली प्रतिक्रिया होती. या चळवळीने मात्र पत्रके, व्याख्याने, वर्गण्या, टपाल यांच्या जोडीला चित्रही एक नेहमीचे हत्यार म्हणून हाती घेतले. त्यांच्या पत्रकासाठी चित्रे काढणाऱ्यांत तेव्हा फारसे नाव न झालेले, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले थॅकरे होते, आणि १८३९ च्या त्यांच्या चित्रातही किनाऱ्यावर आलेले परदेशी धान्य नाकारले जाते आहे, म्हणजे क्रुकशँकचीच कल्पना चोवीस वर्षांनी पुन्हा आली. प्रत्येक वेळी नवी कल्पना लागतेच असे नाही; लोकांना पाठ झालेली कल्पना अधिक कामाची असते.

१८४५ मध्ये पंच या विनोदी साप्ताहिकात जॉन लीच यांचे चित्र आले. कॉब्डेन बापासारखा लांब ढांगा टाकत मुक्त व्यापाराच्या वाटेने निघाला आहे आणि त्याने बोटाला धरलेला छोटा मुलगा म्हणजे पंतप्रधान रॉबर्ट पील. तो म्हणतो आहे की तुमच्याइतक्या झपाट्याने मला चालता येत नाही. इथे बंदी नाही, जमीनदार नाही, उपाशी कुटुंबही नाही. पील कुठे निघाले आहेत याबद्दल चित्रकाराला शंकाच नाही, प्रश्न उरला आहे तो फक्त वेगाचा. स्वतःच्या पक्षाला वेगळे सांगणाऱ्या पंतप्रधानाला असे चित्र किती अडचणीचे झाले असेल याची कल्पना करा. पुढल्या वर्षी कायदा गेला. तात्कालिक कारण आयर्लंडमधला बटाट्यावरचा रोग हेच होते, आणि ते मी नाकारत नाही. पण एखादी गोष्ट अशक्य वाटण्यापासून अटळ वाटण्यापर्यंतचा जो प्रवास असतो, त्यात ही चित्रे कुठे बसतात ते अर्थात यांनी सांगावे.

गलबत

आणि दुसऱ्या बाजूच्या चित्रांचे काय? व्यंगचित्रकार म्हणजे सत्तेविरुद्ध एकटा उभा असलेला माणूस, ही आपली समजूत फार भाबडी आहे. ब्रिटिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांना १७९७ पासून सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळत होते. ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलावर बसून पृथ्वीचा गोळा पुडिंगसारखा कापत आहेत, हे त्यांचे १८०५ चे चित्र मला अत्यंत आवडते. एकाच्या ताटात समुद्र, दुसऱ्याच्या ताटात युरोप. पुढे दोन वर्षांत सुरू झालेल्या नाकेबंद्यांचे सगळे गणित त्या एका चित्रात आहे. पण त्याला निषेध म्हणताना हात आखडतो. जेफरसन यांच्यावरच्या चित्रांमागे विरोधी फेडरलिस्ट पक्ष होता आणि कॉब्डेनच्या मागे गिरणीमालक होते. मालकांना स्वस्त पाव हवा होता त्यात मजुरी वाढवावी लागू नये हाही हेतू होता, अशी टीका त्या काळच्या कामगार पुढाऱ्यांनीच केली होती.

दुपारची_झोप

गलबत यांचे म्हणणे योग्य आहे, पण पैसा कोणी दिला यावरून चित्र खोटे ठरत नाही. जमीनदारांकडेही पैसा होता. त्यांच्या बाजूचे, लोकांच्या तोंडी राहिलेले एक तरी चित्र आठवते का? मला तरी नाही.

ताम्रपट

स्मरणात राहण्याचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक पुरवणी. १८०९ मध्ये पीटर पेन्सिल या टोपणनावाने जेफरसन यांच्यावर दोन चित्रे आली. (धागाकर्त्यांच्या नावाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग समजावा.) एकात जेफरसन मध्ये उभे आहेत आणि एका बाजूने ब्रिटनचा राजा जॉर्ज, दुसऱ्या बाजूने नेपोलियन त्यांना लुटत आहेत. दुसऱ्यात जेफरसन यांनी स्वतःचेच कपडे उतरवले आहेत, कारण त्यांना लंडनची किंवा पॅरिसची चाल पत्करायची नाही. दोन्ही चित्रे एकाच हाताची आणि एकाच बाजूची. तरी पहिल्यात जेफरसन बिचारे आहेत आणि दुसऱ्यात ते मूर्ख आहेत. टीकाकाराला स्वतःलाच ठरवता आलेले नाही की हा माणूस लुबाडला गेला की त्याने आपणहून घर रिकामे केले. माझ्या मते बंदीवरची खरी टीका या दुसऱ्या चित्रात आहे, आणि कासवापेक्षा ती कितीतरी नेमकी आहे. प्रसिद्ध मात्र कासवच झाले.

खोका_क्रमांक_सात

मी मालाच्या आयात-निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून एक अनुभव सांगतो. एका मालावर रातोरात निर्यातीची मनाई आली. अधिसूचना निघाली तेव्हा आमच्याकडचे काही खोके गोदीच्या आत पोहोचले होते, काही फाटकाबाहेर रांगेत होते, आणि एकाचा पुढचा अर्धा भाग फाटकाच्या आत होता. तो अर्धा खोका आत धरायचा की बाहेर, यावर दोन दिवस पत्रव्यवहार झाला. आमच्या एका सहकाऱ्याने फळ्यावर चित्र काढले. फाटकात अडकलेला खोका, त्याला पुढून ओढणारा एक माणूस, मागून ओढणारा दुसरा, आणि वर खोक्यावर बसून शांतपणे अधिसूचना वाचणारा तिसरा. दुपारपर्यंत त्याची छायाचित्रे सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. संध्याकाळी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ते फळ्यावर पाहिले, मनापासून हसले, आणि खोका अडवूनच ठेवला.

त्या हसण्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमचा राग त्या चित्रानंतर कमी झाला, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. त्या दिवशी कोणीतरी कडक पत्र लिहायला हवे होते. ते लिहिले गेले नाही, कारण आम्ही सगळे हसत होतो.

अर्थात

खोका_क्रमांक_सात, तुमचा प्रतिसाद हा माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा चांगला पुरावा आहे. वाफ जाते आणि भांडे तसेच राहते.

मुद्देसूद

नेहमीच असे होत नाही. १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन या राजकारण्याने साम्राज्याबाहेरून येणाऱ्या मालावर शुल्क लावण्याची मोहीम ब्रिटनमध्ये सुरू केली. विरोधकांनी सगळा वाद दोन पावांवर आणून ठेवला. मोठा पाव म्हणजे मुक्त व्यापार आणि छोटा पाव म्हणजे शुल्क. फलक, पत्रके, व्यंगचित्रे, जिकडेतिकडे तेच दोन पाव. चेंबरलेन इतके वैतागले की त्यांनी बर्मिंगहॅमच्या सभेत खरोखरचे दोन पाव आणून लोकांना दाखवले, की पाहा, शुल्क लावूनही आकारात फरक दिसत नाही. मला तो प्रसंग फार बोलका वाटतो. आपले म्हणणे खोडण्यासाठी समोरच्याला आपल्याच चित्रातल्या वस्तू हातात घ्याव्या लागल्या, म्हणजे वाद कुठे खेळायचा ते चित्राने ठरवले होते. १९०६ च्या निवडणुकीत शुल्कवाल्यांचा धुव्वा उडाला. तेव्हा शिसपेन्सिल, तुम्ही 'निर्बंध उठला' याचे उदाहरण मागितले होते. मी 'निर्बंध आलाच नाही' याचे देतो. चालेल का?

कासवगती

पाव समोर असताना नाही कोण म्हणेल?

शिसपेन्सिल

दोन दिवस धागा वाचत होतो, आता लिहितो. मुद्देसूद यांचे उदाहरण मी स्वीकारतो, फक्त एका अटीसह. १९०६ च्या निकालाला इतरही कारणे होती, त्यामुळे सगळे श्रेय पावांना देणार नाही. पण मी सुरुवातीला जे लिहिले, की ही चित्रे ज्यांना आधीच दुखते त्यांच्यापुरतीच असतात, ते मागे घेतो. दोन पावांना घाबरणारा माणूस तो होता ज्याला अजून दुखायला लागले नव्हते. कदाचित प्रश्नच मी उलटा विचारला. निर्बंध लागू झाला की माणसे पिंपे गडगडवण्याच्या किंवा कागदपत्रे जुळवण्याच्या मागे लागतात आणि चित्र करमणुकीपुरते उरते. निर्बंध यायचा असतो तेव्हा मात्र त्याला अजून रूप नसते, आणि जो आधी रूप देईल त्याचे चालते. क्रुकशँकलाही ते माहीत असावे, त्याचे चित्र विधेयक मंजूर होण्याआधी आले होते. तो हरला, पण वेळ त्याने बरोबर साधली होती.

खोका_क्रमांक_सात यांच्या अधिकाऱ्यांचे हसणे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

दुपारची_झोप

त्यावरूनच एक गोष्ट लक्षात आली. आपण इतके प्रतिसाद लिहिले आणि ओग्रॅबमीच्या चित्रातल्या आणखी एका माणसाबद्दल कोणीच बोललो नाही. कासवामागे उभा राहून त्याला चेतवणारा एक जण आहे. 'काय चिमटा काढतोय बघा!' अशा अर्थाचे वाक्य त्याच्या तोंडी आहे. काल पुन्हा चित्र उघडून त्याच्याकडे पाहत बसले. चित्रात त्याच्याशिवाय कोणीही हसत नाही. माझा अर्धा वर्ग चित्र पाहून हसला तेव्हा तो याच माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता, आणि मीही.

गलबत

म्हणजे चावा त्या तस्कराला नसून आपल्याला आहे, असे म्हणायचे आहे का तुम्हाला?

दुपारची_झोप

पुढच्या वर्षी वर्गाला विचारून सांगते.